न नासलेली गावं

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरचा लिगुरिया हा प्रांत मी पाहिलेला नाही. मी त्याचं भाषांतर केलेलं आहे. गेल्या हिवाळ्यात एका पर्यटन कंपनीनं मराठी प्रवाशांसाठी काढायच्या पुस्तिकेचा इंग्रजी मजकूर माझ्याकडे पाठवला. आठ दिवसांची सहल. आधी जेनोवा हे जुनं बंदर, मग किनाऱ्यानं पूर्वेकडे सरकत कामोल्यी, पोर्तोफिनो, ‘चिंक्वे तेर्रे’ या एकत्रित नावानं ओळखली जाणारी पाच गावं, आणि शेवटी पोर्तोवेनेरे व लेरिची. असलं काम मी पोटासाठी करते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. बूट कसले घालावेत, पायऱ्या किती चढाव्या लागतील, शाकाहारी माणसानं काय मागावं, हे नेमक्या मराठीत सांगणं ही चांगली मेहनत आहे.

मेहनत अडली ती एका शब्दापाशी. ‘अनस्पॉइल्ड’. तीस पानांत तो अकरा वेळा आला होता, आणि प्रत्येक वेळी एखाद्या गावाला चिकटून. अस्पर्शित म्हणावं, तर ते जंगलाला शोभतं. गावात माणसं राहतात, म्हणजे स्पर्श झालेलाच आहे. अस्सल म्हणावं, तर शेजारचं गाव नकली ठरतं. शब्दशः जावं, तर मराठीत दूध नासतं, यंत्र बिघडतं, पोर लाडावतं. न नासलेलं गाव, न लाडावलेलं गाव! शेवटी मी ‘जुनी ठेवण जपून असलेली गावं’ असं लिहिलं, कंपनीला ते आवडलं, पैसेही वेळेवर आले.

पण त्या अडण्यातून एक गोष्ट लक्षात आली. मराठीत गावाबद्दल अशी तक्रार आहेच. ‘गाव आता पहिल्यासारखं राहिलं नाही.’ फरक एवढाच की हे वाक्य त्या गावचा माणूस बोलतो, किंवा गाव सोडून गेलेला आणि गणपतीला परत आलेला माणूस बोलतो. परक्यानं ते बोलायचं नसतं. तो पहिल्यांदाच आलेला असतो. पहिलं कसं होतं ते त्याला काय ठाऊक? इंग्रजी शब्द मात्र परक्याच्याच तोंडी शोभतो. गाव बिघडलं की नाही हे बाहेरून आलेल्या पाहणाऱ्यानं ठरवायचं, आणि नसेल बिघडलं तर शाबासकी द्यायची, अशी त्या शब्दाची घडण आहे. हा अधिकार त्याला कुणी दिला?

‘जपून असलेली’ असं मी लिहिलं खरं; पण कोण जपतं, कशानं जपतं, हे पुस्तिकेत नव्हतं. म्हणून मी वाचत गेले. मोंतेरोस्सो, वेर्नाझ्झा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे ही पाच गावं थेट समुद्रात उतरणाऱ्या डोंगरावर आहेत. शेतीला सपाट जागाच नाही. म्हणून शेकडो वर्षं तिथल्या माणसांनी डोंगर कापून पायऱ्या-पायऱ्यांची शेतं केली आणि माती धरून ठेवायला दगडी बांध रचले. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. कोकणात आपण ज्याला गडगा म्हणतो तोच हा प्रकार. त्यावर द्राक्षवेली. द्राक्षं, माती, दगड, सगळं डोक्यावरून किंवा पाठीवरून. २०१८ मध्ये असे कोरडे गडगे रचण्याची कला इटलीसह आठ युरोपीय देशांच्या नावे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ही गावं स्वतः १९९७ पासून जागतिक वारसास्थळ आहेत आणि १९९९ पासून तिथे राष्ट्रीय उद्यान आहे.

म्हणजे पुस्तिकेतलं ते छायाचित्र, निळा समुद्र, रंगीत घरं आणि वर चढत गेलेल्या हिरव्या रेघा, यातली प्रत्येक रेघ हा कुणाच्या तरी कमरेचा हिशेब आहे. आणि त्या कमरांनी संधी मिळताच तिथून काढता पाय घेतला. जेनोवा ते ला स्पेत्सिया रेल्वे १८७४ मध्ये पूर्ण झाली, ला स्पेत्सियाला नौदलाची मोठी गोदी होतीच. महिन्याचा पगार सोडून गडगे कोण रचणार? पुढे पर्यटक आले. द्राक्षांपेक्षा खोली भाड्यानं देण्यात पैसे जास्त, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. शेतं ओस पडली. ओस पडलेला गडगा दोन-चार पावसाळ्यांत पोट काढतो आणि ढासळतो. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मुसळधार पावसात डोंगरावरची माती आणि दगड वेर्नाझ्झा आणि मोंतेरोस्सोच्या गल्ल्यांतून वाहत आले, माणसं गेली, तळमजले गाडले गेले. इतका पाऊस कुठेही पडला असता तरी नुकसान झालंच असतं. पण सोडून दिलेल्या बांधांचा त्यात वाटा होता, हे तेव्हापासून सतत बोललं जातं.

इथे एक पेच आहे आणि तो सुटणारा नाही. पाहणारा ज्या दृश्यासाठी येतो ते दृश्य ज्या कष्टांनी उभं राहिलं, त्या कष्टांतून सुटका करून घ्यायचा मार्ग म्हणजे हाच पाहणारा. आजोबांनी गडगा रचला, नातू चाव्या देतो. नातवाला दोष देणारा मी कोण? मलाही कुणी दगड वाहायला सांगितले तर मी खोल्याच भाड्यानं देईन. पाचही गावांत मिळून राहणारी माणसं चार हजारांच्याही आत भरतात आणि येणारे लाखांनी येतात. रिओमाज्जोरे ते मानारोला ही पायवाट मुळात रेल्वेच्या कामासाठी काढलेली. पुढे प्रेमिकांनी तिला आपलंसं केलं आणि तिला ‘प्रेमाची वाट’ हे नाव पडलं. २०१२ मध्ये दरड कोसळून ती बंद झाली, २०२४ मध्ये उघडली, आणि आता तिच्यावर चालायला आधी वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. व्हेनिसनं त्याच वर्षी एप्रिलपासून ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लावलं. पाच युरो हे शुल्क म्हणून ठीक. पण त्यातून कोणतं देणं फिटतं, हे मला समजलेलं नाही.

हे लिहिते आहे ते मारतहळ्ळीत, चौथ्या मजल्यावर, खाली रिंग रोडचा गोंगाट चालू असताना. पुण्या-मुंबईची मंडळी या नावाचा उच्चार ‘मराठाहळ्ळी’ करतात आणि इथे मराठ्यांची छावणी असणार असं समजून खूश होतात. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे खेडं. ते खेडं होतं, आणि फार मागे नव्हे; इथल्या पन्नाशीच्या माणसांना शेतं आणि तळी आठवतात. त्या खेड्याला ‘न नासलेलं’ म्हणून पाहायला कुणी आलं नाही. आम्ही राहायलाच आलो: संगणकवाले, त्यांच्या बायका-नवरे, त्यांच्यामागून कपड्यांची दुकानं, आणि मग उड्डाणपूल. पर्यटक गाव बिघडवतो असं म्हणताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. पाहून निघून जाणाऱ्यापेक्षा राहायला आलेला माणूस कितीतरी जास्त बदल घडवतो, आणि त्याला कुणी प्रवेशशुल्क लावत नाही. तेव्हा प्रश्न नुसता ‘जावं की न जावं’ असा नाही. गेल्यावर आपण तिथे कोण असतो, असा आहे.

मराठीत यासाठी शब्द पुष्कळ आहेत. ‘पर्यटन’ या शब्दाच्या पोटात ‘अटन’ आहे, आणि आपल्याकडे अटन हे महानुभावांच्या आचारधर्मातलं व्रत होतं: सतत फिरत राहायचं, भिक्षेवर जगायचं, कुठल्याही गावात आपलं म्हणून काही उभं राहू द्यायचं नाही. तेव्हाचा अटन करणारा गावाकडून भाकरतुकडा मागत असे, गावानं सुंदर दिसावं असं काही मागत नसे. दुसरा शब्द पाहुणा. तो ‘पाहणे’वरून आलेला नाही, जरी कानाला तसं वाटलं तरी, संस्कृत प्राघुण, प्राकृत पाहुण अशा वाटेनं तो आपल्यापर्यंत पोचला. पाहुणा मुळात पाहत नाही, त्याच्याकडे पाहिलं जातं. दारात उभा राहिला की घरातली पोरं पडद्याआडून त्याला न्याहाळतात. कुठून आलात, कुणाचे कोण, जेवलात का, हे प्रश्न घर विचारतं आणि उत्तरं त्यानं द्यायची. पर्यटकाचं नेमकं उलट. प्रश्न तो विचारतो, आणि त्याला ‘तुम्ही कोण?’ असं कुणी विचारलं तर तो पासपोर्ट दाखवतो.

अर्थात पाहुण्याचं इतकं कौतुक करायचंही कारण नाही. मुलगी पाहायला येतात तेही पाहुणेच. ‘जरा चालून दाखव, वाचून दाखव.’ माझ्या मावशीला एका पाहुण्यानं सुईत दोरा ओवून दाखवायला सांगितलं होतं. ‘दाखवणे’ हे क्रियापद मराठीत दुसऱ्या क्रियेला जोडलं की ती क्रिया स्वतःसाठी उरत नाही. माणूस चालतो ते कुठेतरी पोचायला; चालून दाखवतो ते फक्त दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी. हे क्रियापद पुढे पुन्हा येणार आहे.

इटली पाहायला जाणारे आपण नवे. उलट्या दिशेचा प्रवास जुना आहे. बोलोन्याचा लुदोविको दी वार्थेमा सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला चौलला येऊन गेला आणि त्याचं प्रवासवर्णन १५१० मध्ये रोममध्ये छापलं गेलं. एका शतकानंतर, १६२३ मध्ये, पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा सरदार सुरतेहून किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याला आणि तिथून इक्केरीला गेला. इक्केरी आज शिवमोग्गा जिल्ह्यात आहे. मारतहळ्ळीहून रात्रीच्या बसनं सकाळी सागरला पोचता येतं. देल्ला वाल्ले जे दिसेल ते लिहीत असे. वाळू पसरलेल्या जमिनीवर बोटानं आकडे काढत, गात गात गणित शिकणारी मुलं त्यानं पाहिली आणि त्यांची पद्धत जाणून घेतली. नेपल्समधल्या मारिओ स्किपानो या मित्राला लिहिलेल्या पत्रांत हे सगळं आहे.

त्या पत्रांतला एक प्रसंग मला सोडत नाही. इक्केरीत एक विधवा सती जाणार असल्याचं त्याला कळलं आणि तो तिला भेटायला तिच्या घरी गेला. नवरा नगारा वाजवणारा, बाई तेलुगू बोलणारी. नाव त्यानं ‘ज्याक्कामा’ असं लिहिलंय, बहुधा जक्कम्मा. दुभाष्यामार्फत तो तिच्याशी बोलला, तिनं जाऊ नये म्हणून समजावलं, तिनं आपण स्वखुशीनं जात असल्याचं सांगितलं. तेव्हा त्यानं तिला वचन दिलं की माझ्या लेखणीच्या शक्तीप्रमाणे तुझं नाव मी जगात राहू देईन. खुद्द त्याची बायको दोन वर्षांपूर्वी इराणात वारली होती आणि तिचं कलेवर पेटीत घालून तो भारतभर आणि पुढे रोमपर्यंत घेऊन गेला. एक विधुर आणि एक विधवा, मधे दुभाषी.

हे पाहणं होतं की भेटणं? कुतूहल होतंच, तो नाकारतही नाही. वचन दिलं त्यात स्वतःच्या लेखणीचा गर्वही आहे. पण तो तिच्यासमोर बसला, तिचं नाव विचारलं, तिच्याशी वाद घातला, आणि हरला. नाव चुकीच्या कानानं ऐकलेलं का होईना, चारशे वर्षं टिकलं. त्या दुभाष्याची आठवण मात्र कुणी काढत नाही. त्याला काय वाटलं असेल? ‘विचार हिला, का जातेस’ हे वाक्य एका भाषेतून दुसरीत नेताना त्याचा आवाज कसा झाला असेल? माझा धंदा तोच असल्यामुळे मला त्या पत्रात सगळ्यात जास्त तोच दिसतो, आणि तो तिथे जवळजवळ नाहीच.

माझ्या सासरची माणसं बंगळूरच्या चिक्कपेटेतली. शहाजीराजांकडे या शहराची जहागीर होती त्या काळापासून आणि त्यानंतर लाटालाटांनी इथे आलेल्या मराठी कुटुंबांची जी मराठी झाली, ती ही माणसं घरात बोलतात. क्रियापदं मराठी, वळण कन्नड, आणि मधेच असे जुने शब्द जे पुण्यात केव्हाच मेले. पुण्याहून कुणी आलं की हमखास ठरलेला प्रसंग घडतो. सासूबाई काहीतरी साधं सांगतात, चहा निवेल म्हणून, आणि पाहुणे टाळी देतात. ‘किती गोड मराठी! आणखी बोला ना!’ सासूबाई हसतात आणि गप्प होतात. पाहुण्यांना वाटतं लाजल्या. पाहुणे गेल्यावर त्या मला म्हणाल्या होत्या, ‘मी चहाचं सांगत होते.’

हा प्रसंग डोक्यात घेऊन मी कोर्लईला गेले.

रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे खाडीच्या एका अंगाला रेवदंडा आणि दुसऱ्या अंगाला कोर्लईचा डोंगर. लिगुरियाच्या पुस्तिकेतली बरीच वाक्यं इथे जशीच्या तशी बसली असती. रेवदंडा हे पोर्तुगिजांचं तटबंदीचं चौल. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्यामधून चर्चच्या पडक्या भिंती वर आलेल्या दिसतात. अफनासी निकीतिन या रशियन व्यापाऱ्याचं स्मारक एका शाळेच्या आवारात आहे. समोरचा डोंगर पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं. वसईच्या विजयाचा इतिहास आपल्याला शाळेपासून पाठ आहे, तिथल्या चर्चच्या घंटा आपण देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा प्रसिद्धच आहे. पोर्तुगीज अधिकारी गलबतांत बसून गेले. ज्यांना जायला गोवा किंवा लिस्बन नव्हतं अशी गरीब ख्रिस्ती माणसं मागे राहिली. पोर्तुगीज शिपाई आणि इथल्या बायका यांच्या संसारांतून, धर्मांतरांतून, चाकरीतून घडलेला हा समाज. त्यांची भाषाही तशीच घडलेली: शब्द बहुतेक पोर्तुगीज, वाक्याची ठेवण पुष्कळशी मराठीची. ती माणसं तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाचं तिच्यावरचं पुस्तक १९९६ मध्ये आलं, तेव्हापासून जगभरच्या भाषाअभ्यासकांना कोर्लई ठाऊक आहे. अलिबागच्या बसस्टँडवर मात्र कोर्लई म्हणजे दीपगृह आणि किल्ला.

ही भाषा अडीचशे वर्षं का टिकली याचं उत्तर सुंदर नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, लग्नं आपसांत, आणि शेजाऱ्यांशी शिवाशिवीपासून दारिद्र्यापर्यंत अनेक भिंती. १९८६ मध्ये कुंडलिकेवर पूल झाला. पुलावरून दवाखाना जवळ आला, कॉलेज जवळ आलं, नोकरी जवळ आली, आणि भाषा पातळ होऊ लागली. आई-बाप मुलांशी मराठी बोलतात, म्हणजे शाळेत अडायला नको. चर्चमधली प्रार्थनाही मराठीत होते. ‘न नासलेली’ भाषा हवी असेल तर पूल पाडावा लागेल. कुणी आहे तयार? मला तर त्या पुलाच्या बाजूनंच मत द्यावं लागेल, आणि ते देताना घशाशी काहीतरी अडकेल.

गावात एका ओसरीवर आम्ही पाचसहा जण बसलो होतो. मी सोडून बाकी मुंबईहून किल्ला पाहायला आलेले. घरच्या आजी मासे साफ करत होत्या, आमच्याशी मराठीत बोलत होत्या, अगदी अलिबागी ठसक्यात. आमच्यातल्या एका सभ्य, वाचणाऱ्या गृहस्थांनी विनंती केली, ‘आजी, तुमची ती भाषा जरा बोलून दाखवा ना.’ मोबाइल बाहेर आले. आजींनी हातातली सुरी थांबवली आणि खरोखर कोड्यात पडल्यासारख्या म्हणाल्या, ‘बोलू की. पण कोणाशी बोलू?’

गृहस्थ हसले. त्यांना वाटलं आजी विनोद करतायत. आजी विनोद करत नव्हत्या. त्यांची भाषा त्यांच्या बहिणीशी बोलायची होती, नवऱ्याशी भांडायची होती, कोंबड्या हाकलायची होती. समोर बसलेल्या सहा जणांपैकी एकालाही ती कळत नव्हती. मग तिच्यात बोलणं म्हणजे आवाज काढणं. तेवढ्यात परसातून कुणीतरी हाक मारली आणि आजींनी तिकडे वळून भराभर चार वाक्यं टाकली, बहुधा चुलीबद्दल किंवा मांजराबद्दल. मोबाइल तोपर्यंत खिशात गेले होते.

मला त्या ओसरीवर अवघडल्यासारखं झालं ते निराळ्याच कारणानं. बंगळूरमध्ये माझी भाषा धाकटी. लेक शाळेत कन्नड शिकते, मैत्रिणींशी इंग्रजीत बोलते, मराठी फक्त माझ्याशी आणि तीही रागावले तर. त्यामुळे ‘मोठ्या भाषा लहान भाषांना गिळतात’ या वाक्यात मी नेहमी गिळल्या जाणाऱ्यांच्या बाजूला उभी असते. कोर्लईत ती जागा सुटते. तिथे शाळा मराठी, सातबारा मराठी, बस मराठी, येशूही मराठी. लिगुरियात गेलेला मराठी पर्यटक परका असतो. कोर्लईत गेलेला मराठी पर्यटक परका नसतो, तो राज्यकर्ता असतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो. ‘तुमची भाषा किती दुर्मीळ, जपा हो’ असं जेव्हा आपण तिथे म्हणतो, तेव्हा ती दुर्मीळ करणाऱ्या भाषेत म्हणत असतो. आणि जपायचं काम पुन्हा त्यांच्यावरच, गडग्यासारखं.

कुणी म्हणेल, मग जाऊच नये. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये घरांच्या दारांवर ‘फोटो काढू नका’ असे फलक लागले आहेत. रंगीत भिंतीला टेकून उभं राहणाऱ्यांनी तिथल्या माणसांना स्वतःच्या पायरीवर बसणं मुश्कील केलं. त्यांचा राग समजतो. पण न जाण्यात एक वेगळा उद्धटपणा आहे. मी घरी बसल्यानं कोर्लईचा पूल नाहीसा होत नाही, आणि शनिवार-रविवारी जेवणाच्या थाळीतून तिथल्या काही घरांत जे पैसे येतात ते मात्र थांबतात. शिवाय न जाणारा स्वतःला शुद्ध समजायला लागतो. अशी शुद्ध माणसं साहित्याच्या वर्तुळात मी बरीच पाहिली आहेत. ती सगळ्या गावांबद्दल हळवं लिहितात.

या भेटीनंतर काही महिन्यांनी एका संपादकानं सुचवलं की कोर्लईची गाणी मराठीत आण. लिप्यंतर आणि इंग्रजी अर्थ उपलब्ध आहे, पुस्तक देखणं होईल. भाषांतराचा नेहमीचा समर्थनाचा मुद्दा मला पाठ आहे, मी तो वर्गात शिकवलेलाही आहे: भाषांतरानं मूळ कृतीला दुसरं आयुष्य मिळतं. पण जिथे मूळ भाषेतून माणसं स्वतःच मराठीकडे निघाली आहेत, तिथे तिची गाणीही मराठीत आणणं हे दुसरं आयुष्य की शेवटची बस? लिगुरियाच्या पुस्तिकेत मी एक शब्द हवा तसा वळवला आणि कुणाचं काही बिघडलं नाही; इटालियन माझ्यामुळे मरत नाही. इथे तसं नाही.

संपादकाला उत्तर देण्याआधी मी कोर्लईच्या एका तरुणाला विचारलं. तो अलिबागला नोकरी करतो. त्या ओसरीवर चहा घेऊन तोच आला होता. त्याला मी सगळी योजना समजावून सांगितली, नाव गावाचं राहील, मानधन वाटून घेऊ, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

‘मराठीत कशाला?’ तो म्हणाला. ‘मराठी आम्हाला येतेच की. तुमचं काहीतरी आमच्यात आणा.’

मला त्याची भाषा येत नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ते शिकता येतं, तुम्ही लोक शिकताच ना इटालियन वगैरे. मी इटालियन शिकलेले नाही, पण त्यानं काढलेला अर्थ बरोबर होता. तेव्हापासून तो मला मोबाइलवर देवनागरीत एकेक वाक्य लिहून पाठवतो, खाली अर्थ देत नाही, मी ओळखायचं. दहापैकी तीन ओळखते. भाषांतराला काय घ्यायचं यावर आमचं अजून जमलेलं नाही. मी एक कथा सुचवली होती, चांगली मान्यवर लेखकाची. दोन पानं ऐकून तो म्हणाला, यात काही घडतच नाही. त्याला भुताची गोष्ट हवी आहे, लांब, आणि तिच्यात खाडी असलेली बरी.